हमीपत्रावरचा अंगठा

मायची सही मी तिसरीत असल्यापासून मारत आले. प्रगतीपुस्तक, सहलीचं संमतीपत्र, स्कॉलरशिपचा फॉर्म, नागपूरच्या होस्टेलचा अर्ज, सगळीकडे नाव मायचं आणि हात माझा. "मारून टाक वं सही, मले रोवनीले जाचा हाय," असं माय स्वतःच सांगायची आणि पदर खोचून भातलावणीला निघून जायची. आमच्या आमगावच्या शाळेत अर्ध्या वर्गाच्या आयांच्या सह्या अशाच पोरांच्या हातच्या होत्या. गुरुजींनाही ते ठाऊक होतं. वडील मी लहान असतानाच गेले, माय शाळेची पायरी चढली नव्हती, घरात लिहिता येणारी मी एकटी. मग सही दुसरं कोण करणार?

त्यामुळे जपानच्या कंपनीकडून हमीपत्राचा कागद आला, तेव्हा माझा हात आपोआपच पेनाकडे गेला.

ती नोकरी मला सहज मिळाली नव्हती. इंजिनिअरिंग करताकरता तीन वर्षं जपानी शिकले. मुलाखती झाल्या त्या घरातूनच, मोबाईलवर. लाईट गेली तर फोन बंद पडू नये म्हणून शेजारणीकडून तिची पॉवर बँक मागून आणायची आणि माय दारात बसून कोंबड्या हाकलायची. शेवटी पत्र आलं की एप्रिलच्या पहिल्या तारखेला रुजू व्हा. त्यासोबत कागदांची ही मोठी यादी होती आणि यादीत हे हमीपत्र.

तिथली रीतच आहे म्हणे. नवा माणूस कंपनीत लागला की त्याच्या घरचं कोणीतरी त्याच्यासाठी लेखी उभं राहतं. आमचं माणूस प्रामाणिक आहे, चुकलं तर आम्हीही जबाबदार, असं लिहून खाली शिक्का मारतं. तिथे सहीऐवजी नावाचा लहानसा शिक्का असतो, लाल शाईचा. परदेशी पालकांकडे शिक्का नसेल तर सही चालेल, अशी खाली टीप होती.

त्या रिकाम्या चौकोनाकडे मी बराच वेळ बघत बसले. तिथे मायचा निळा अंगठा उमटलेला माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मला लाज वाटली. आज हे लिहून टाकते आहे, पण त्या दिवशी मी स्वतःशीसुद्धा ते कबूल केलं नव्हतं. मनाला सांगितलं, मायचा अंगठा रेशनच्या मशीनला तरी कुठे कळतो? जन्मभर चिखलात धान रोवून रेषा पार झिजल्यात. तिला कशाला त्रास! मी झोकात मायची सही ठोकली, गोंदियाला जाऊन कुरिअर केलं आणि येताना नवी बॅग घेऊन आले. कुरिअरवाला पत्ता वाचून म्हणाला, "जापान? बढिया है मॅडम, अब तो बुलेट ट्रेन में घूमोगे!" मी खुशीत हसले.

आठेक दिवसांनी एचआरवाल्या बाईंनी व्हिडिओ कॉल लावला. दुपारची वेळ होती. माय उंबऱ्याशी सूप घेऊन लाखोळीची डाळ पाखडत होती. बाईंनी आधी माझी चौकशी केली, मग दोन कागद कॅमेऱ्यासमोर शेजारी शेजारी धरले. एक माझा अर्ज आणि दुसरं हमीपत्र.

"मला तुमची लिपी वाचता येत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण आडनाव दोन्हीकडे अगदी एकसारखं दिसतं."

तेव्हा तरी खरं बोलावं की नाही? पण नाही. मी म्हणाले, "आमच्या घरात सगळ्यांचं अक्षर असंच आहे."

आमच्या घरात सगळ्यांचं! सगळे म्हणजे कोण, तर मी.

बाई म्हणाल्या, "असं का." वहीत काहीतरी लिहिलं. तिकडे थंडी असते, जाड कोट घेतला का, ते विचारलं. मग मान लववली आणि कॉल बंद झाला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

"का झाला वं?" मायने विचारलं. "तोंड काऊन उतरला तुहा?"

"काई नाई. नेट गेला."

"नेट गेला तं तू रडून काऊन राहिली?"

मायसमोर माझं खोटं कधी टिकलेलं नाही. सगळं सांगितलं. वाटलं, आता सुपासकट अंगावर येते. पण तिने सूप खाली ठेवलं, हात पुसले आणि म्हणाली, "का लिवला हाय त्या कागदावर, वाचून दाखव."

माझ्या मोबाईलमध्ये फोटो होता. मी एकेक ओळ मराठीत करून वाचली. ही व्यक्ती प्रामाणिकपणे काम करील. कंपनीचे नियम पाळील. तिच्या हातून नुकसान झालं तर मीही तिच्यासोबत जबाबदार राहीन.

"हे मी म्हणतला?"

"नाई."

"मंग कोनं म्हणतला?"

"मी."

"म्हंजे पोरगी परमानिक हाय, असा पोरगीनंच लिवला. अन् थे बी चोरून."

हसावं की रडावं कळेना. खरं सांगायचं तर इतकं नेमकं मला स्वतःलाही सुचलं नव्हतं.

"मले विचारला काऊन नाई तू?"

"तुहा अंगठा द्यावा लागला असता." तोंडातून निघून गेलं आणि मी जीभ चावली. गेलेला शब्द काही परत येत नाही.

मायने उजव्या हाताचा अंगठा वळवून पाहिला. "लाज वाटली तुले," ती म्हणाली. ती विचारत नव्हती. "रोवनीच्या मजुरीवर शिकली तवा नाई वाटली."

मग मीही चिडले. चूक आपली असली की राग जास्त येतो, तसं झालं. म्हटलं, "तुले का मालूम तिथचे कायदे! आता सांगतला तं नोकरी जाईल माही. तीन वर्षं घासली मी."

"गेली तं गेली. इथं रोवनी हाय. पन असा खोटा कागद देऊन तू तिथं बसशील, अन् मी इथं लोकाईले सांगत फिरू का माही पोरगी जापानात साहेबीन हाय?" ती उठली. आत जाताजाता थांबून म्हणाली, "अन् उद्यापासून विहारात माह्या बाजूले बसून पंचशील म्हणू नोको. म्हनायचाच असन तं चौथ्याले तोंड बंद ठेवजो."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. रोज सकाळी मी ते घडाघडा म्हणत होते, लहानपणापासून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माय माझ्याशी बोलली नाही. भात आणि वरण मात्र ताटात वेळेवर येत होतं, आणि त्यानेच मला जास्त वाईट वाटत होतं. जेवून मी मोबाईल घेतला आणि बाईंना लिहायला बसले. पहिले तीन मसुदे इतके अदबशीर झाले की त्यात चूक कोणाची आहे तेच सापडेना. जपानी भाषेत अदब दाखवायला जागा पुष्कळ. चौथ्यांदा सरळ लिहिलं, सही मी केली. माझ्या आईला लिहिता येत नाही. मला ते सांगायची लाज वाटली. कॉलवरही मी खोटं बोलले. आईला हे आता कळलं आहे. डोळे मिटून पाठवून दिलं.

मायला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "बरा केला." एवढंच.

तीन दिवस उत्तर नाही. मी मायसोबत लाखोळीच्या मळणीला गेले, कारण घरात बसवेना. फोन ओढणीच्या टोकाला बांधला होता. जराशा आवाजाने दचकत होते आणि बाजूच्या बाया हसत होत्या. "जवाई पाह्यला का वं पोरीले?" एकीने विचारलं. मायनेच तिला गप्प केलं. नोकरी गेली असं मी जवळजवळ धरून चालले होते. नवी बॅग परत घेतील का, इथपर्यंत डोकं गेलं होतं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. विभागप्रमुखांशी बोलणं झालं आहे, स्वतःहून सांगितल्याबद्दल आभार, हमीपत्र मात्र नव्याने द्यावं लागेल आणि ते आईंनी स्वतः द्यावं. शिक्का नसेल तिथे आमच्याकडेही लाल शाईने अंगठा चालतो. शेवटी एक ओळ होती. कृपया अंगठा घेण्याआधी मजकूर आईंना पूर्ण वाचून दाखवा.

जिथे अंगठा चालत होता तिथे मी खोटी सही करून बसले होते! आणि लाल शाई तरी आमगावात कुठे मिळावी? दुकानादुकानात निळी आणि जांभळी. गाडीने गोंदिया गाठलं, एका स्टेशनरीवाल्याकडून लाल पॅड आणलं.

मायने हातपाय धुतले, विहारात जाताना नेसते ते पांढरं लुगडं नेसली आणि पाटावर बसली. मजकूर पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, "तुह्या हातून चूक झाली तं मले बोलावतील का तिथं?"

"नाई वं माय."

"मंग कायची जिम्मेदारी?" तिने पॅड जवळ ओढलं. "मी सांगतो तशी कर. चूक झाली का कोनी पकडायच्या आधी तूच सांगजो. कबूल असन तं देतो अंगठा, नाई तं उचल तुहा कागद."

"कबूल," मी म्हणाले.

पहिल्या प्रतीवर नुसता लाल डाग उमटला. दुसऱ्या प्रतीवरही तेच. मग मायला रेशन दुकानातली युक्ती आठवली. तिने अंगठा केसांवरून घासला, पॅडवर हलकेच टेकवला आणि तिसऱ्या प्रतीवर दाबला. चार-पाच रेषा आल्या, अर्ध्यामुर्ध्या. पण आल्या.

मी मूर्खच. तेवढ्यात म्हणाले, "माय, मी जाईपर्यंत सही शिकून घे ना. मी शिकवतो. पुढं लागन."

"सही कायले?" माय अंगठा पुसत म्हणाली. "सही तं तू बी मारते माही. आता असा अंगठा मारून दाखव."

मी कागद पाकिटात घातला.

आता मी त्या ऑफिसात बसते. रुजू होऊन चारच महिने झाले होते, तेव्हा एका ग्राहकाची फाईल मी दुसऱ्याच ग्राहकाला पाठवून दिली. पाठवल्यावर दिसलं. कोणी पाहिलं नव्हतं. घाईने दुसरी फाईल पाठवून, आधीची उघडू नका असं लिहून भागलं असतं, निदान मला तसं वाटलं. हात माउसवर होता. मग आठवलं, दोन मजले खाली एका कपाटात त्या चार-पाच लाल रेषा आहेत. मी उठले आणि साहेबांच्या टेबलाशी जाऊन सांगितलं.

रविवारी मायला फोन केला. तिच्याकडे दुपार होती, रोवणी आटोपत आली होती. मी चूक झाल्याचं सांगितलं.

"आधी तूच सांगतली ना?"

"मीच सांगतला."

"मंग? बोलले का तुले?"

"थोडंसं. मग साहेबांनी ग्राहकाला फोन लावला अन् माह्या बाजूले उभं राहून वाकून माफी मागितली. फोनवर दिसत नाई कोनाले, तरी वाकले. आम्ही दोघंबी."

"त्याईनं? त्याईची तं चूक नोव्हती."

"इथं असाच असते माय. आपल्या हाताखालच्याची चूक झाली का वरचा मानूस सोबत उभा राहते."

पलीकडे माय कोंबड्या हाकलत असल्याचं ऐकू आलं.

"बरा झाला," माय म्हणाली. "मंग आता तुह्या मांगं मी एकटीच नाई."