भावनगरहून परतीचं विमान

स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी मी मुंबईत एका लहानशा विमान कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले. गाव आमचं आगरदांडा. घरचा धंदा मासेमारीचा, आणि मॅट्रिक झालेली आमच्या घरातली मी पहिलीच. विमान तोवर फक्त खालून पाहिलेलं.

मला वेळापत्रकाच्या विभागात बसवलं. तिथे माणसं दोनच, साहेब आणि मी. साहेब मंगळूरकडचे, पन्नाशी उलटलेले. मराठी बोलताना प्रत्येक शब्द आधी तपासून मग बाहेर काढायचे. भिंतीवर त्यांनी चौकटीचा मोठा कागद लावला होता. त्यावर निळी रेघ म्हणजे भावनगरचं विमान, हिरवी म्हणजे औरंगाबादचं. खरं तर विमान एकच होतं, एक डाकोटा. सकाळी ते वेरूळ-अजिंठा बघायला निघालेल्या हौशी मंडळींना औरंगाबादला सोडून यायचं आणि दुपारी व्यापाऱ्यांना घेऊन भावनगरला जाऊन यायचं.

औरंगाबादच्या खुर्च्या भरत होत्या. भावनगरच्या निम्म्या रिकाम्या राहायच्या. वरून चिठ्ठी आली की हिवाळ्याचं वेळापत्रक नव्याने मांडा, नाहीतर भावनगर बंद करू. साहेबांनी आठवडाभर रेघा ओढल्या नि खोडल्या. दुपारचं विमान तासभर अलीकडे आणलं, मग तासभर पलीकडे नेलं. प्रत्येक खेपेला मी नवा तक्ता टाइप करायची आणि साहेब तो बाजूला ठेवायचे.

त्यातच दिवाळी आली. मी आगबोटीने मुरूडला उतरले आणि टांग्याने घरी गेले. आमची मावशी तेव्हा सुकी मासळी घेऊन म्हसळ्याच्या बाजाराला जायची. आगरदांड्याहून तरीने, म्हणजे उतारूंच्या होडीने, खाडी ओलांडून दिघी, तिथून पुढे मोटार. एका सकाळी मीही तिच्याबरोबर धक्क्यावर गेले. तरीत बाजारच्या बायका आणि त्यांच्या टोपल्या. मुंबईहून हवा खायला आलेलं एक कुटुंब मात्र धक्क्यावरच निवांत बसून होतं.

"ही मंडळी नाही का येत?" मी विचारलं.

"त्यांना कसली घाय? ऊन वर आलं का दुसऱ्या तरीनं येतील," मावशी म्हणाली. "पैली तर आमची. पन पैलीचं एवढं न्हाय गो. आमाला सांजची पायजे. ती चुकली तर रात दिघीला काढायची. मागं तरीच्या तांडेलानं सांजची बंद केली, तवा आमी बाजारालाच गेलो न्हाय. मग आला घरी इचारायला, काय झालं म्हून."

मी तिला साहेबांच्या कागदाबद्दल सांगितलं. तिने टोपली मांडीवर घेतली, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "तुज्या व्यापाऱ्याला घर न्हाय व्हय? तो परत कवा यील, त्ये आदी लिव."

खाडी ओलांडताना मी आमचा तक्ता मनात पुन्हा मांडून पाहिला. आमचं भावनगरचं विमान दुपारी तिथे उतरून अर्ध्या तासात परत फिरायचं. म्हणजे कामाला गेलेल्या माणसाला एक रात्र, कधी दोन, परक्या गावी काढाव्या लागायच्या. आम्ही जायच्या वेळा हलवत होतो. यायच्या वेळेकडे दोघांनीही पाहिलं नव्हतं.

सुट्टी संपवून कामावर आले तेव्हा साहेबांना सांगायला जीभ रेटेना. टायपिस्टने असं सांगावं का, हेच कळत नव्हतं. शेवटी दुपारच्या चहाला सांगितलं, मावशीसकट. त्यांनी कप खाली ठेवला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"तुम्ही काढा," म्हणाले.

मी रेघ काढली. सकाळी सातला भावनगर, साडेदहाला परत. सव्वाअकराला औरंगाबाद, बघायला जाणारी माणसं तिथे मुक्कामच करतात, त्यांना दुपारी पोचलं तरी चालतं. सव्वादोनला परत. तीनला पुन्हा भावनगर, आणि सकाळी गेलेल्यांना घेऊन संध्याकाळी साडेसहाला मुंबईत. दोन्ही भावनगरांच्या मध्ये व्यापाऱ्याला पुरा दिवस मिळत होता.

साहेबांनी एकच दुरुस्ती केली. औरंगाबादहून आल्यावर मी पाऊण तास धरला होता, त्यांनी सव्वा तास केला. "यंत्र तपासणाऱ्या माणसांनाही जेवायचं असतं," ते म्हणाले.

वरिष्ठांच्या बैठकीला ते मला बरोबर घेऊन गेले. लांब टेबल, सगळे पुरुष. तक्ता मांडून झाल्यावर मोठ्या साहेबांनी विचारलं, ही कल्पना कुणाची. आमचे साहेब ती स्वतःची म्हणू शकले असते, मी काही बोलले नसते. त्यांनी माझ्याकडे हात केला. "यांची. आणि यांच्या मावशींची. त्या खाडीपलीकडे बाजार करतात." कुणी हसलं नाही. मला दोन-तीन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली.

नव्या वेळा लागल्यावर एका संध्याकाळी साहेबांनी मला सांताक्रूझला नेलं. भावनगरचं विमान उतरलं, शिडी लागली, धोतर-कोटातली माणसं उतरू लागली. मी मोजत होते. एकवीस, म्हणजे पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट, भरल्यावर साहेब म्हणाले, "आता पुरे, घरी चला." परतताना त्यांचं मराठी नेहमीपेक्षा भरभर चाललं होतं.

भावनगर बंद झालं नाही. पुढे सरकारने सगळ्या कंपन्या एकत्र केल्या, साहेबांची मद्रासला बदली झाली आणि मी नव्या कचेरीत वेळापत्रकाच्याच टेबलावर राहिले, आता टायपिस्ट म्हणून नव्हे. जाताना त्यांनी माझ्यासाठी शिफारसपत्र लिहिलं. ते त्यांनी स्वतः टाइप केलं होतं, एका बोटाने, चार चुकांसकट. मला टाइप करायला देणं त्यांना बरं वाटलं नसावं. पुढे मला पुष्कळ वरिष्ठ भेटले. काही हुशार होते, काही प्रेमळही. पण माझ्या हातात पेन्सिल देऊन स्वतः बाजूला सरकलेला माणूस तो एकच, आणि तो मला पहिल्याच नोकरीत भेटला, हे माझं भाग्य.