बारवीच्या रानातला सुरू

त्या डिसेंबरात माझी बायको दिवसाला जेमतेम चार-पाच शब्द बोलायची. "नको." "झोपते." "दार लाव." ती काही बोलली की मी कामावर जाईपर्यंत तेच मनात घोळवत राहायचो.

आठव्या महिन्यात आमची मुलगी पोटातच गेली होती. उल्हासनगरच्या हॉस्पिटलातून आम्ही बदलापूरच्या सोनिवलीला परत आलो, ते बाळाच्या कपड्यांची पिशवी तशीच घेऊन. त्यानंतर ती बेडरूममध्ये भिंतीकडे तोंड करून पडून असायची. शेजारी नवी बिल्डिंग उभी राहत होती, दिवसभर ड्रिल मशीनचा आवाज. एरवी तिने वैतागून खिडकी आपटली असती. आता तिला त्याचंही काही वाटत नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि म्हणाले होते, वेळ द्या. वेळ कसा देतात ते मला कळत नव्हतं.

ती वसईची, ख्रिश्चन. मी इथलाच, आगरी. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आमची टेबलं शेजारी होती, तिथेच जमलं. लग्नाला माझी आई आली नाही. पुढे वडील गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, पण सुनेशी तिचं बोलणं "जेवतेस का" आणि "पाणी आलं" याच्या पलीकडे कधी गेलं नाही. दरवर्षी बायको माळ्यावरचं प्लास्टिकचं झाड काढून हॉलमध्ये मांडायची, तेव्हा आई पाच-सहा दिवस तोंड फिरवून टीव्ही बघायची.

नाताळाला आठवडा राहिला असताना मी ते झाड खाली काढलं. वाटलं, दिवे लावले तर बाहेर येऊन बसेल. झाडाचा खोका घेऊन मी बेडरूमच्या दारात उभा राहिलो. तिने वळूनही बघितलं नाही.

"ते नको," ती म्हणाली. "पप्पा सुरूचं झाड आणायचे. खरं. घरभर ओला वास यायचा."

सहा आठवड्यांत ती एका दमात एवढं बोलली नव्हती. बुडणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागावं, तसं मी ते वाक्य धरलं. सुरूचं झाड आणलं की ती उठेल. असं का होईल हे मी स्वतःला विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर उल्हासनगरचं मार्केट पालथं घातलं. चांदण्या, माळा, कापसाच्या दाढीचे म्हातारे, प्लास्टिकची झाडं छतापर्यंत रचलेली. एका सिंधी दुकानदाराने मला खुर्ची दिली. "साईं, असली कौन लेता है आजकल? कचरा होता है. ये लो, फुल सेट." बदलापूरच्या नर्सऱ्यांमध्ये कुंडीतली ख्रिसमस ट्री होती, दिसायला छान, पण सुरू नव्हता. एका नर्सरीवाल्याला मी तिसऱ्यांदा तेच विचारलं तेव्हा तो जरा मागे सरकला. माझा चेहरा कसा दिसत असेल, ते मला त्याच्याकडे बघून कळलं.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात मी चहा घेत होतो. आई भाकऱ्या थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुरू पायजे ना तुला?"

"तुला कोणी सांगितलं?"

"भिंती केवढ्याशा हान या घराच्या. बारवीच्या वाटंला हाय सुरू. जंगलखात्यानं लावलेला. मना ठावं हाय जागा."

"आई, ते सरकारी जंगल आहे. झाड तोडणं गुन्हा आहे."

तिने शेवटची भाकरी तव्यावरून काढली, गॅस बंद केला. "तर मंग बस चहा पीत," म्हणाली. आणि आत जाऊन जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला कोयता घेऊन आली.

बायकोजवळ शेजारच्या बाईंना बसवून आम्ही स्कूटरवर निघालो. आई मागे, मांडीवर कोयता. बारवी धरणाच्या अलीकडे एका वळणावर तिने माझ्या खांद्यावर थाप मारली. उतरून ती पुढे चालू लागली. लग्नाआधी ती या बाजूला सरपणाला यायची. सागाची वाळकी पानं पायाखाली मोडत होती. ती कुठेही न थांबता चढत गेली, मी धापा टाकत मागे.

सुरूची एक लांब पट्टी होती. मोठी झाडं उंच, आमच्या उपयोगाची नव्हती. त्यांच्या कडेला आपोआप उगवलेली काही लहान झाडं होती. माझ्याहून हातभर उंच, सरळ, दाट असं एक झाड मी निवडलं. पहिला घाव घातला तर कोयता उसळून आला. सुरूचं लाकूड एवढं कठीण असेल असं वाटलं नव्हतं. मी मारत गेलो. घाव एका जागी पडेनात. आतलं लालसर लाकूड उघडं पडलं आणि मला एकदम हॉस्पिटलमधली ती सकाळ आठवली.  मी खाली बसलो आणि आईसमोर मोठ्याने रडलो. मुलगी गेल्यावर पहिल्यांदाच.

 आईने माझ्या हातातून कोयता घेतला, पदर खोचला, वाकली आणि सात-आठ घावांत झाड आडवं केलं.

झाड ओढत रस्त्यापर्यंत आणलं, स्कूटरला दोरीने बांधायला लागलो, तेवढ्यात मागून मोटरसायकल येऊन थांबली. खाकी गणवेशातली बाई, तिशीची असेल. वनरक्षक.

"काय चाललंय?"

"पूजेला न्यायचंय, बाय," आई पटकन म्हणाली.

"कुठल्या पूजेला सुरू लागतो, आजी?"

 मग आई वेगळ्याच आवाजात म्हणाली, "सुनेचा नाताल हाय."

वनरक्षक बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या शर्टाला भुसा, डोळे सुजलेले. मला सांगायचं होतं की मी शिकलेला माणूस आहे, कंपनीत ऑफिसर आहे, असलं काही करत नाही. तोंडातून निघालं ते वेगळंच. "मॅडम, आमची मुलगी गेली. जन्मायच्या आधीच गेली. बायको उठत नाही. मला दुसरं काही सुचेना. पाया पडतो तुमच्या." आणि मी खरंच वाकलो.

"उठा. असं करू नका," त्या मागे सरकत म्हणाल्या.  मग पिशवीतून कागदांचं पॅड काढलं. माझं नाव-पत्ता लिहिला, आधार कार्डाचा फोटो काढला, जबाबावर सही घेतली. कोयता जप्त केला. मग आडव्या पडलेल्या झाडाकडे बघून म्हणाल्या, "हेही जप्त. पण हे मी मोटरसायकलवर नेणार कसं? सुपूर्दनामा करते. म्हणजे माल सरकारचा, सांभाळायचा तुम्ही. सव्वीस तारखेला ऑफिसला आणून द्यायचं. पूर्ण. दंड काय तो साहेब ठरवतील."

"सव्वीस?" मी विचारलं.

"पंचवीसला सुट्टी असते," त्या म्हणाल्या आणि गाडीला किक मारली.

घरी आलो. लिफ्टमध्ये झाड मावेना, जिन्याने चार मजले चढवलं. पाण्याच्या पिंपात विटा टाकून हॉलमध्ये उभं केलं. खरोखरच ओला, हिरवा वास सुटला. मी बेडरूममध्ये जाऊन म्हटलं, "बाहेर ये ना. बघ तरी."

ती आली. भिंतीला धरून, गाऊनवरच. झाडासमोर उभी राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्या क्षणी मला फार आशा वाटत होती.

तिने एक फांदी बोटात धरली. "कुठून आणलं?"

"बारवीच्या जंगलातून. आईने आणि मी."

"एवढ्या लांबून." ती हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "हे झाड दाखवायला एवढ्या लांबून आणलंत. माझी मुलगी नाही दाखवलीत मला!"

 ते खरं होतं. ती गुंगीत असताना माझ्या आईने ठरवलं होतं, बाळंतिणीला दाखवू नये, जीव गुंततो. मीही हो म्हटलं होतं. आई आणि मी बाळाला नदीकाठच्या स्मशानात पुरून आलो होतो. ती शुद्धीवर आली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"कशी होती ते तरी सांगायचंत! कोणी काही सांगत नाही मला!" तिने फांदी जोरात ओढली. पिंप कलंडलं, पाणी फरशीवर पसरलं, झाड सोफ्यावर आडवं झालं. ती त्या पाण्यातच बसली आणि ओरडून रडायला लागली. शेजारच्या घराचं दार उघडल्याचं मी ऐकलं. मी तिच्याकडे जाऊ शकलो नाही. तिच्या जवळ जायचा हक्क मी घालवला आहे असं वाटत होतं.

आई पुढे गेली. लुगडं भिजवत तिच्यासमोर खाली बसली, इतकी जवळ की दोघींचे गुडघे लागले.

"मी सांगतंय," आई म्हणाली. "मीच घेतली व्हती तिला हातान. याला नाय ठावं, यानं धड बघितली पन नाय. केस व्हतं मोप, काले. कपाल तुझ्यावानी रुंद. नखं पन आलेली, इवली इवली. डाव्या कानाशी तील व्हता."

बायको रडायची थांबली नाही, पण ऐकत होती. "डोळे?" तिने विचारलं.

"मिटलेले. निजल्यावानी." आईचा आवाज फुटला. "मना वाटलं तुला नाय सोसायचं. मी चुकली, पोरी."

त्या दिवशी नाताळाची तयारी झाली नाही, नंतरही नाही. झाडावर एकही दिवा लागला नाही. सगळं ठीक झालं असंही म्हणता येणार नाही. पुढे कित्येक महिने ती माझ्याशी तुटकच वागली, आणि ते मला मिळायलाच हवं होतं. पण ती आईला रोज काहीतरी विचारायची. बोटं कशी होती, कशात गुंडाळलं, वर काय घातलं. आई दर वेळी हातातलं काम टाकून सांगायची. जे आठवत नसेल, ते "आठवत नाय" म्हणायची.

सव्वीसला मी टेम्पो सांगितला. मी झाड बांधत असताना बायको चप्पल घालून खाली आली, मागून आई. वनखात्याच्या ऑफिसात झाड उतरवलं, दंडाच्या कागदावर सही केली. टेम्पोवाल्याने विचारलं, आता घरी का?

"नाही," बायको म्हणाली. "नदीवर." आणि आईकडे वळून, "जागा तुम्हीच दाखवा. याला नाही सापडायची."