शिवेवरचा वाघ मारायला कोणी सांगितला होता?

खेळता येतं म्हणून दुसऱ्याच्या गेममध्ये हात घालायचा का? मला विचारलंसुद्धा नाही.

माझे मालक, म्हणजे नवरा, वारले तेव्हापासून त्यांच्या लॅपटॉपवर त्यांनीच बनवलेला माणूस घेऊन मी तो राजा-राक्षसांचा मोठा गेम खेळते. त्यात जंगलाच्या शिवेवर वाघ बसतो. त्याला मारलं की पुढचं राज्य उघडतं. मालकांनी कधी मारला नाही. आमच्या जामसरला वाघोबा शिव राखतो, वाघबारशीला आम्ही त्याला नारळ देतो. मग गेममधला तरी कसा मारायचा? ते दरीतून लांबचा फेरा घ्यायचे. मी पण तसंच जाते.

आज सकाळी मी भाकऱ्या थापत होते. ठाण्याहून आलेला दीर गेम घेऊन बसला आणि ओरडला, "वहिनी, दादा एवढा डरपोक? बघ, दोन वारात खलास!"

जाऊन बघितलं. वाघ आडवा, आणि मालकांचा माणूस तलवार घेऊन बाजूला उभा.

"सेव्ह पण केलं," म्हणतो.

मी करपलेली भाकरी त्याला वाढली. रडू पण आलं नाही.

गेमवाल्यांनो, मालकांनी ठेवला होता तसा वाघ परत आणता येतो का? धीर-बिर धरा लिहू नका. येतो का नाही, तेवढं रविवारपर्यंत सांगा.