सुर्वे भाव करतात

बातमीला दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही. तिच्यात भजी बांधून मिळतात. पण बातमी गोळा करताना ऑफिसात जे घडतं ते कुठेच छापून येत नाही, म्हणून ते रद्दीतही जात नाही. नुसतं साचत राहतं. माझ्याकडे असा साठा भरपूर आहे. जुनी चार माणसं चहाला बसली की कोणीतरी म्हणतंच, "तो अण्णांचा सांग रे!" आणि मग एकावर कोणी थांबू देत नाही.

तेव्हा अण्णांचेच किस्से सांगतो. १९९८ पासून पुढच्या पाच-सहा वर्षांतले.

आमच्या दैनिकाचं जिल्हा कार्यालय रत्नागिरीत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. बातम्यांना मी, आणि जाहिराती, खरेदी वगैरे बघायला सुर्वे. खाली अण्णा शिरधनकरांचं दुकान आणि दुकानामागे त्यांचं घर. कॅमेऱ्याचे रोल, फॅक्सचे रोल, टाइपरायटरच्या रिबिनी, झेरॉक्स, आणि बिघडलेली कुठलीही वस्तू उघडून बघणं हा अण्णांचा धंदा. मदतीला कायम तयार, तोंडाने तितकेच फटकळ.

सुर्वे माणूस सभ्य, प्रामाणिक. फक्त जगातली प्रत्येक वस्तू पुण्याला स्वस्त मिळते, अशी त्यांची पक्की श्रद्धा होती. सुर्वे दहा-वीस रुपये वाचवायचे आणि मी ओरडायचो, कारण अण्णांचं दुकान टिकतं की बंद पडतं, अशी वेळ हळूहळू येत चालली होती. रिबिनी कोणी घेत नव्हतं, रोलचेही दिवस भरत आले होते. मला आरडाओरड्याचा पगार मिळत नाही, पण सवय आहे!

*

रत्नागिरीत दुपारी एक ते चार दुकानं बंद. आग लागली तरी बंद.

मतमोजणीचा दिवस. दोन वाजता आमच्या फॅक्सचा रोल संपला. मी धावत खाली गेलो आणि अण्णांच्या मागच्या दारावर थापा मारल्या. अण्णा पंचा नेसून, डोळे चोळत बाहेर आले.

"काय झालं? कोण गेलं?"

"अण्णा, फॅक्सचा रोल संपला."

"म्हणजे कोणी गेलं नाही!" असं म्हणून ते सरळ आत वळले. मला वाटलं, झोपले. पाच मिनिटांत पुढचं शटर अर्धं वर झालं आणि खालून रोल धरलेला एक हात बाहेर आला.

"आणि ऐका हो पत्रकार, महत्त्वाचा फॅक्स आला की लगेच झेरॉक्स काढून ठेवा. या कागदावरची अक्षरं उडतात."

मी म्हटलं, "तुमची झेरॉक्स खपवायला सांगताय!"

"तर! त्यासाठीच तर दुपारची झोप मोडली!" शटर खाली.

*

पुढच्याच महिन्यात सुर्वे पुण्याहून फॅक्सच्या रोलचा अख्खा खोका घेऊन आले. अण्णांपेक्षा रोलमागे नऊ रुपये स्वस्त, वर तीन रोल फुकट. खोका पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवला. दिवस मे महिन्याचे.

जूनमध्ये एक नगरसेवक तावातावाने ऑफिसात आले. "मी असं पत्रक काढलंच नव्हतं! तुम्ही मनाने छापलंत! उद्या माफी छापा!"

मी अशा प्रसंगांसाठीच जन्माला आलोय. "साहेब, तुमच्या सहीचा फॅक्स आहे आमच्याकडे," असं म्हणून मी फाईल मागवली, ती उघडली आणि कागद त्यांच्यासमोर आपटला.

कागद पांढरा स्वच्छ. सही नाही, अक्षर नाही, टिंबसुद्धा नाही.

नगरसेवकांनी कागद उलटून पाहिला, उजेडात धरून पाहिला आणि गोड आवाजात म्हणाले, "अगदी हेच म्हणायचं होतं मला. छापा!"

ते गेल्यावर मी सुर्व्यांकडे नुसतं बघितलं. सुर्वे म्हणाले, "अहो, पण तीन रोल फुकट होते ना त्यात!"

*

आता जरा माझंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा स्वतः फार साधू!

एकदा मी मुंबईला गेलो असताना छोटा टेपरेकॉर्डर घेतला. अण्णांकडे तोच होता, पण मुंबईला दीडशे रुपये कमी. मोह झाला. महिन्याभरात एका मंत्र्याच्या मुलाखतीत त्याने टेप खाल्ली. दुरुस्तीला मुंबईला कोण जातो? आणि अण्णांकडे न्यायचा कुठल्या तोंडाने? त्यात त्याच आठवड्यात 'गावातला दुकानदार जगवा' असा माझा जळजळीत लेख छापून आलेला.

शेवटी पिशवीत घालून नेलाच. "अण्णा, मेव्हण्याने भेट दिलाय. बघा जरा, काय झालंय ते."

अण्णांनी तो उघडला, पट्टा बदलला, बॅटऱ्यांचा खण पुसला, टेप लावून चालवून दाखवला. मग रेक्झिनच्या कव्हरातून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात ठेवला.

"मेव्हणा भला माणूस दिसतो. पावतीसुद्धा तुमच्याच नावाने केली!"

मी तोंड उघडण्याआधीच पुढे म्हणाले, "लेख मात्र चांगला होता हां. दोनदा वाचला."

*

एका रविवारी सकाळी मी आणि अण्णा मिरकरवाड्याला मासे आणायला गेलो. अण्णा वीस वर्षं एकाच बाईकडून मासे घेत. जैतूनबी तिचं नाव. भाव करायचा नाही, ती देईल ते घ्यायचं. अण्णांनी सुरमईला हात लावला तर जैतूनबीने हातावर चापट मारली.

"ती नको अण्णा. कालची हाय. तुम्ही हा बांगडा न्या."

"मग मांडून कशाला ठेवलीस?"

"तुमचा तो वरचा ऑफिसवाला येल ना आता, सगल्या बाजारात भाव करून. त्याला स्वस्त लागते!"

आणि सुर्वे आलेच! बाजाराला दोन फेऱ्या मारून, घामाघूम होऊन. अण्णांनी डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली, शेवटी कानाशी जाऊन म्हणाले, "सुर्व्या, ही घेऊ नको."

सुर्व्यांनी ताबडतोब पैसे काढले.

सोमवारी ऑफिसात आम्हाला सांगत होते, "अण्णांना स्वतःला हवी होती हो! म्हणून मला नको म्हणत होते. मी बरा फसेन! दहा रुपये कमी करून उचलली."

मी विचारलं, "कशी होती?"

 सुर्वे म्हणाले, "स्वस्त होती."

*

रोल-रिबिनींवर दुकान चालणार नाही हे अण्णांना आमच्या आधी कळलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी हा माणूस कोल्हापूरला जाऊन पोराटोरांच्या बाकावर बसून कॉम्प्युटर शिकून आला आणि एका कंपनीची एजन्सी घेतली. अट एकच: मार्च संपेपर्यंत दहा मशीन खपली पाहिजेत. नाही खपली, तर एजन्सी गेली. आणि एजन्सी गेली तर दुकानात विकायला राहतं काय? पेनं!

त्याच वर्षी आमच्या ऑफिसला कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. मला वाटलं, झालं काम. पण हेड ऑफिसचा नियम: तीन कोटेशनं, आणि सर्वांत कमी असेल तेच मंजूर. सुर्व्यांनी पुण्याचं मागवलं, कोल्हापूरचं मागवलं आणि खालचं अण्णांचं घेतलं. अण्णांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. शेवटची ओळ अशी: "यापेक्षा स्वस्त मिळाल्यास जरूर घ्यावे. मात्र बिघडल्यावर तुमचा जिना कोण चढणार, हे आधी विचारून घ्यावे."

खरेदी विभागातल्या साहेबांचा फोन मलाच आला. "हे जिन्याचं काय आहे?"

"त्याला सर्व्हिस म्हणतात!" मी म्हटलं.

"पुण्याचं अकराशे रुपयांनी कमी आहे."

मग मात्र मी सुटलो. गावातल्या माणसाची किंमत, अकराशे रुपयांसाठी घालवलेली माणुसकी, पांढरा पडलेला फॅक्स, सगळं काढलं. दहा मिनिटं बोललो आणि शेवटी तिथल्या तिथे राजीनामा दिला.

फोन कधी कट झाला होता कोण जाणे!

*

पुण्याचा कॉम्प्युटर आला. जुलैमध्ये राजापूरच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं. मी भिजून बातमी आणली, फोटो आणले, टाइप करायला बसलो आणि मशीन बंद. पडदा काळा. वेळ दुपारी अडीचची.

सुर्व्यांनी पुण्याला फोन लावला. तिकडून एक मंजुळ आवाज: "इंजिनिअर पाठवतो ना सर. घाट सुरू झाला की लगेच."

सुर्वे खुर्चीत बसले. उठले. पुन्हा बसले.  शेवटी ते स्वतःच जिना उतरून गेले.

अण्णा पंचा सावरत वर आले. हातात स्क्रू ड्रायव्हर आणि रंगाचा ब्रश. मागचं झाकण काढलं. आत मुंग्यांनी घर केलेलं, पांढऱ्या अंड्यांसकट!

सुर्वे पुन्हा पुण्याला फोन लावून ओरडले, "अहो, आत मुंग्या आहेत!"

पुण्याने शांतपणे विचारलं, "मुंग्या? तुमच्याकडे मुंग्या कशा काय?"

"आमच्याकडे सगळ्यांकडे असतात!" सुर्व्यांनी फोन आपटला. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. मजा आली.

अण्णांनी ब्रशने सगळं साफ केलं, दिव्याच्या उष्णतेवर वाळवलं, दोन वायरी बदलल्या. चार वाजता मशीन सुरू. बातमी गेली.

"अण्णा, किती द्यायचे?" सुर्व्यांनी खाली बघत विचारलं.

"पुण्याला फोन करून विचार, ते किती घेतात. त्यापेक्षा एक रुपया कमी दे. तुझा नियम मोडायला नको!"

*

आता शेवटचा. मार्च संपायला एक दिवस होता. अण्णांची मशीन खपली होती नऊ.

एजन्सी काढून घ्यायला कंपनीचा माणूस कोल्हापूरहून येऊन दुकानात बसला होता. त्याच्याशी भांडायला मी खाली गेलो होतो. सुर्वे पेनाची रिफिल घ्यायला आले होते.

इतक्यात सावर्ड्याचे एक गृहस्थ आत शिरले. "कॉम्प्युटर घ्यायचाय."

कंपनीचा माणूस उभाच राहिला. त्याने स्वतःची खुर्ची पुढे केली.

अण्णांनी विचारलं, "कोणासाठी?"

"मुलासाठी. सातवीत आहे."

"घरी लाईट असते?"

"कसली हो! दुपारभर नसते."

"मग आता घेऊ नका. गणपतीनंतर या. भाव उतरतील, तोवर लाईटचंही काही होईल. आज त्याला हा कंपास घेऊन जा."

गृहस्थ कंपास घेऊन, आभार मानून गेले.

"अवो, गिऱ्हाईक हाकललं की तुम्ही!" कंपनीचा माणूस रडकुंडीला आला.

"हाकललं कुठे? गणपतीनंतर येतोय."

"तवर तुमचा बोर्ड नसंल हितं!"

 अण्णा फडक्याने काउंटर पुसत राहिले. पुसलेलाच पुन्हा पुसला.

सुर्व्यांनी हातातली रिफिल खाली ठेवली. "अण्णा, तो कॉम्प्युटर मला द्या. घरी."

"तुला चालवता येतो?"

"शिकेन."

"ठेवशील कुठे?"

"टीव्ही हलवीन."

"बायकोला विचारलंस?"

 "किंमत सांगा."

"त्यावर लिहिल्येय रे. पण ती छापील. तू दोन हजार कमी दे."

"छापील देतो."

"अरे, छापील कोणी देतं का? बरं, हजार तरी कमी दे."

"नाही."

कंपनीचा माणूस माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "भाऊ, तुमच्यात भाव असा करत्यात व्हय?" 

"सुर्व्या, पाचशे!" अण्णांचा आवाज चढला. "शेवटचं सांगतो. पाचशे कमी दे आणि घेऊन जा!"

सुर्व्यांनी काउंटरवर मूठ आपटली.

"अण्णा, एक रुपया जरी कमी केलात ना, तर पुण्याहून आणीन!"