अर्थ नंतर, बेटी

बायको जाऊन चाळीस दिवस झाले. तिच्या चाळिसाव्याला माणसं कुराणाचे पारे वाटून घेऊन वाचत होती, शर्यत लागल्यासारखी. माझी नात तेवढी मध्येच थांबली. "मौलानासाहेब, या ओळीचा अर्थ काय?"

"अर्थ नंतर, बेटी. बिर्याणी गार होतेय," माझा मेहुणा हसला.

डोकंच फिरलं माझं. बायको जन्मभर हेच विचारायची. पूर्वी आमच्या मदरशात एक मौलाना होते. न समजता पाठ केलं तर ते खरं ज्ञान, इल्म नव्हे, म्हणायचे, आणि मुलींनाही अर्थ शिकवायचे. लोकांनी त्यांनाच घालवलं. मी अडाणी माणूस. पण अल्लाशी बोलायचं आणि काय बोललो ते आपल्यालाच ठाऊक नाही, ही कसली रीत?

म्हटलं, "भूक लागलीय त्यांनी जेवून घ्या. मौलानासाहेब, तुम्ही बसा. पोरीला अर्थ सांगा. तिच्या आजीला कुणी सांगितला नाही."