पाटावरची भरलेली बंदूक

"तुमच्याकडे आज काय पुजतात हो? खराटा?"

नानासाहेब असं बोलले आणि खोलीभर माणसं हसली. शिकलेली माणसं. मोठ्या कंपन्यांतले इंजिनियर, एकदोन डॉक्टर, त्यांच्या जरीकाठी बायका. एकाला हसता हसता ठसका लागला. माझा नवरा हसला नाही. तो हातातल्या कागदी प्लेटकडे बघत राहिला.

मी एवढंच विचारलं होतं, "नानासाहेब, यातल्या गोळ्या काढल्यात ना?"

खंडेनवमीची दुपार होती. साल एकोणीसशे सत्याऐंशी, गाव ईडन प्रेरी, मिनेसोटा. बाहेर गारठा पडायला लागला होता. नानासाहेबांच्या फॅमिली रूममध्ये फायरप्लेससमोर पाट मांडला होता. त्यावर लाल कापड, कापडावर त्यांच्या पणजोबांची तलवार, आणि तलवारीशेजारी त्यांनी नवीन घेतलेलं रिव्हॉल्व्हर. नळीवर हळदकुंकू. मुठीवर परसातली झेंडूची फुलं. पाटाची उंची ती किती! रांगतं मूलसुद्धा पोचेल.

आणि नानासाहेब पोरांना बोलावत होते, "या रे, एकेक जण या. हात लावून नमस्कार करा. आज देव आहे तो."

पोरं हात लावत होती.

नानासाहेब मराठी मंडळाचे अध्यक्ष. कंपनीत माझ्या नवऱ्याचे साहेब. आमचं ग्रीन कार्ड त्यांच्या शिफारशीवर अडकलेलं. पहिल्या भेटीतच त्यांनी मला विचारलं होतं, "नागपूरच्या म्हणजे नक्की कुठल्या?" मी वस्तीचं नाव सांगितलं. "अच्छा," म्हणाले. त्या अच्छामध्ये सगळं आलं. माझ्या आजोबांनी नागपुरात दसऱ्यालाच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आमच्या घरी त्या दिवशी पांढरे कपडे घालतात, हत्यारं पुजत नाहीत. हे नानासाहेबांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर खराटा.

मी पाटाकडे बोट दाखवलं.

"ते राहू द्या. गोळ्या आहेत की नाहीत?"

"वहिनी, रिकामं शस्त्र पुजत नाहीत. तो शस्त्राचा अपमान असतो."

"मग वर ठेवा. कपाटात. घरभर पोरं आहेत."

"मांडलेली पूजा उद्यापर्यंत हलवायची नसते." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "जाऊ द्या हो. यांना कुठून माहीत असणार? सात पिढ्यांत शस्त्र हातात धरलं नाही, भीती वाटणारच."

पुन्हा हसणं. एका बाईनं माझा दंड धरला. "अगं, रिलॅक्स. सणाच्या दिवशी कशाला सीन करतेस?"

मी सीन केला. "सुजू!" म्हणून ओरडले. सुजाता, माझी मुलगी, सात वर्षांची. "बूट घाल. आपण निघालो." नवरा पुटपुटला, "अगं, जेवण तरी होऊ दे." मी ऐकलं नाही. कोट आणायला आतल्या बेडरूममध्ये गेले. पलंगावर पाहुण्यांच्या कोटांचा ढीग होता. सुजूचा कोट तळाशी गेलेला. मी ढीग उपसत होते.

आवाज झाला.

कोणीतरी म्हणालं, "फटाका फुटला वाटतं." मला कळलं होतं. कोट तिथंच टाकून मी धावले.

पुढच्या दाराशी सुजू भिंतीला टेकून बसली होती. एक बूट पायात, एक हातातून पडलेला. उजवं कोपर जिथं असतं तिथं लाल चिखल. स्वेटरच्या लोकरीतून हाडाचा तुकडा वर आलेला. भिंतीवर तिच्या डोक्याच्याही वर रक्त उडालेलं. ती रडत नव्हती. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. समोर नानासाहेबांचा रोहन उभा. आठ वर्षांचं पोर. दोन्ही हात कानांवर. पायाशी रिव्हॉल्व्हर पडलेलं.

"शी डिडन्ट डू नमस्कार," तो एकसारखं म्हणत होता. "शी वॉज लीव्हिंग. शी डिडन्ट डू नमस्कार."

सुजूचा नमस्कार राहिला होता. ती निघाली म्हणून पोरगं देव उचलून तिच्याजवळ घेऊन आलं होतं. वजन पेलेना म्हणून त्यानं दोन्ही हातांनी गच्च धरलं, आणि बोट चापावर गेलं. त्याच्या बापानं त्याला हात लावायला शिकवलं होतं. बाकी काही शिकवलं नव्हतं.

मी पदर तिच्या कोपरावर आवळला. पदर भिजला, रक्त माझ्या गुडघ्यावर सांडायला लागलं. गरम होतं ते. "अँब्युलन्स बोलवा रे!" मी किंचाळत होते. माझा नवरा फोनकडे धावला. आणि नानासाहेब? त्यांनी आधी रिव्हॉल्व्हर उचललं. उपरण्यानं त्यावरचं हळदकुंकू पुसलं. उरलेल्या गोळ्या काढून खिशात टाकल्या. आत जाऊन ते कपाटात ठेवलं. किल्ली फिरल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

उद्यापर्यंत हलवायची नसलेली पूजा पोलीस यायच्या आत हलली. म्हणजे त्या घरात कुलूप होतं. ते लावताही येत होतं. माझ्या पोरीसाठी मात्र लावता येत नव्हतं.

डॉक्टरांनी हात वाचवला. कोपर वाचलं नाही. तो हात आता कधी वाकणार नाही, असं त्यांनी आम्हाला हळू आवाजात सांगितलं.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये नानासाहेब आले. माझ्या साडीवरचं रक्त वाळून कडक झालं होतं. ते माझ्याजवळ बसले. एवढ्या जवळ पहिल्यांदाच बसले.

"वहिनी, झालं ते वाईट झालं. आता ऑफिसर येईल. सुजूनंच उचललं म्हणून सांगा. लहान मुलगी, क्युरिऑसिटी असते. तिला कोण काय म्हणणार? रोहनच्या डोक्यावर हे आयुष्यभर नको."

"आणि सुजूच्या डोक्यावर?"

"ती विसरेल. ग्रीन कार्डचं मी बघतो, ती काळजी सोडा." मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमच्या लोकांना सोसायची सवय असते."

माझा हात उठला. त्यांचं उपरणं माझ्या मुठीत आलं आणि मी पिळलं. गळ्याशी पिळलं. त्यांचे डोळे मोठे झाले, खुर्ची मागे सरकली, एक नर्स ओरडली. त्या क्षणी मला त्यांना मारून टाकायचं होतं. खोटं कशाला सांगू? नवऱ्यानं मागून माझे दोन्ही हात धरले. मला वाटलं, आता हा माफी मागणार. त्यानं मूठ सोडवली, मग माझे हात सोडले. म्हणाला, "सांग. जे झालं ते सगळं सांग. नोकरी गेली तर जाऊ दे."

ऑफिसर आला. माझं इंग्लिश तेव्हा तुटकं होतं. तुटकंच बोलले. बंदूक भरलेली होती. जमिनीवर ठेवली होती. बापानं मुलांना हात लावायला सांगितलं. मी आधी विचारलं, ते हसले. "आणि हेही लिहा," म्हटलं, "द बॉय डिड नथिंग राँग." नानासाहेबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ऑफिसर चांगला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खिशात ठेवलं. "मॅडम, इट्स हिज हाउस. इट्स हिज गन." हा अपघात आहे, म्हणाला. बंदूक कुलपात ठेवलीच पाहिजे असा इथं कायदा नाही.

"मग कायदा करतात कुठे?"

बहुतेक त्याला असं कोणी विचारलं नसावं. "सेंट पॉल," म्हणाला.

नवऱ्याची नोकरी गेली. दुसरी मिळेपर्यंत फार हाल झाले. मंडळाचे फोन बंद झाले. मी मंडळाची बदनामी केली, असं लोक म्हणायला लागले. किराणा दुकानात एक काकू मला बघून दुसऱ्या रांगेत गेल्या. खुशाल जा.

मी सेंट पॉलला, मिनेसोटाच्या राजधानीत, गेले. कुलपाच्या कायद्याची मागणी करणाऱ्या काही आया तिथं आधीच होत्या. त्यांनी मला बोलायला उभं केलं. मोठं दालन, गुळगुळीत टेबलं, टेबलांमागे सुटातले लोक. मी सुजूचं कोपर सांगितलं. पाट सांगायला गेले तर त्यांना पाट कळेना, म्हणून हातानं उंची दाखवली. एकानं मध्येच विचारलं, "आर यू अ सिटिझन, मॅडम?" मी नाही म्हटलं. तो शेजाऱ्याकडे बघून हसला. शेजारीही हसला. ते हसणं मी ताबडतोब ओळखलं. नानासाहेबांच्या घरात मी तेच ऐकलं होतं. तोवर मला वाटायचं, हे हसणं आमच्या गावाकडून आलं. त्या दिवशी कळलं, ज्याच्या हातात बंदूक आणि खुर्ची आहे तो कुठेही असंच हसतो. मी थांबले नाही. उरलेलं सगळं बोलले. कुलपाच्या कायद्याचं बिल पडलं.

पडू दे. मी विचारायचं सोडलेलं नाही. सुजूला कोणी वाढदिवसाला बोलावलं की मी आधी फोन करते. घरात बंदूक आहे का? भरलेली आहे का? कुलपात आहे का, आणि किल्ली कोणाकडे असते? गोऱ्या घरांत विचारते, मराठी घरांत विचारते. काही जणी मोकळेपणी सांगतात, एकीनं तर त्याच दिवशी कुलूप आणलं. बाकीचे फोन आपटतात. "वुई आर गुड पीपल," म्हणतात. असाल. मी तुमच्या स्वभावाबद्दल विचारलेलंच नाही.

पुढच्या अधिवेशनात पुन्हा बिल येणार आहे. सुजू या वेळी माझ्याबरोबर यायचं म्हणते. बिनबाह्यांचा फ्रॉक घालणार आहे. "लेट देम सी इट, आई," म्हणाली. मी बरं म्हटलं. कायदा होईपर्यंत आम्ही दोघी जात राहणार. आणि तोवर, या प्रश्नांची उत्तरं ज्या घरात मिळणार नाहीत, मग ते घर साहेबाचं असो की सख्ख्या भावाचं, त्या घरात माझी मुलगी पाऊल ठेवणार नाही.