लिनक्स आणि पाण्याची पाळी

मला प्रश्न विचारायला जमत नाही. शाळेत कधी हात वर केला नाही, आणि बारामतीला कॉलेजात असताना प्रोग्राम अडला तर लॅबमधल्या शेजारणीला न विचारता मी बसने घरी येऊन तो पुन्हा पहिल्यापासून लिहायचे. त्यामुळे स्वतःच्या कामासाठी लॅपटॉपवर कोणती सिस्टिम ठेवायची हे ठरवताना माझं कारण जरा वेगळं होतं. माझ्या वर्गातल्या दोघींनी पुण्यात नोकरी लागल्यावर महागातला लॅपटॉप घेतला होता, तो आमच्या आवाक्यातला नव्हता. विंडोज होतंच, पण लॅपटॉप जुना, सुरू करून चहा प्यायला गेलं तरी चालायचं. लिनक्स फुकट होतं आणि जुन्या मशीनवर हलकं चालतं असं वाचलं होतं. पण खरं कारण हे की लिनक्समध्ये जे काही अडतं ते आधी कुणाचं तरी अडलेलं असतं. त्याने ते इंटरनेटवर जगासमोर विचारलेलं असतं, कुणीतरी उत्तर दिलेलं असतं. आपण गुपचूप वाचायचं. मला हे फारच सोयीचं वाटलं.

लॅपटॉप माझा असला तरी त्यावर एक काम पप्पांचं होतं. पप्पा भवानीनगरला साखर कारखान्यात टाइमकीपर आहेत. सणसरला आमचा थोडा ऊस आहे आणि कालव्याच्या ज्या चारीवरून आमच्या रानाला पाणी येतं, तिच्या पाणी सोसायटीचे सचिव म्हणून शेतकऱ्यांची पाण्याची यादी गेली कित्येक वर्षं पप्पाच काढतात. कालव्याला पाणी सुटलं की कुणाची पाळी कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे त्या यादीत असतं. चाळीसेक नावं. ही यादी छापलेलीच लागते. पूर्वी कधीतरी हाताने लिहिलेल्या यादीत कुणीतरी पेनाने चाराचे नऊ केले होते आणि त्यावरून दोन घरं बरीच वर्षं बोलत नव्हती. तेव्हापासून आमच्या चारीवर हाताची यादी चालत नाही.

सिस्टिम बदलू का, असं मी पप्पांना विचारलं तेव्हा ते बूट घालत होते. त्यांनी एवढंच विचारलं की माझ्या फायली राहतील ना. मी हो म्हटलं. ते म्हणाले, तुला कळतं त्यातलं, तू बघ.

मी सगळं नीट केलं होतं. पप्पांचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं, फायली दोनदा मोजल्या, मग सगळं पुसून लिनक्स टाकलं. लॅपटॉप चटकन सुरू झाला. मी तो दोन-तीन वेळा उगाच बंद करून पुन्हा सुरू केला. फायली परत ठेवल्या. एकही उघडून बघितली नाही. त्या मराठीत होत्या, आणि इंग्लिश मीडियमला शिकल्यामुळे मराठीचं पान समोर आलं की मी ते नंतर वाचू म्हणून बाजूला ठेवायचे. ही सवय मला तेव्हा चूक वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, पप्पा ड्युटीवरून आले आणि यादी छापायला बसले. पाणी शनिवारी येणार होतं. यादी गुरुवारी संध्याकाळी सोसायटीच्या बोर्डावर लागायला हवी होती. त्यांनी फाइल उघडली आणि एकेक ओळ खाली सरकवत गेले. मी मागे जाऊन उभी राहिले. रकाने जागेवर होते, आकडे दिसत होते, पण नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, मधे कंस, अर्धविराम, अवतरणचिन्हं. एकही शब्द कुठल्याच भाषेतला नव्हता.

काय झालं ते मला दहा मिनिटांत वाचून कळलं. पप्पा ज्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायचे तो त्यांना कुणीतरी सीडीवरून घालून दिला होता. फाइलच्या पोटात मराठी नव्हतंच, फॉन्ट त्या इंग्रजी अक्षरांना मराठी रूप द्यायचा. तो फॉन्ट मी विंडोजबरोबर पुसला होता. सीडी कधीच हरवली होती.

मी पप्पांना हे सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं, आणि रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, “मागची यादी हाय बोर्डावर. पण रविवारी बसून सहा-सात जणांनी पाळ्या बदलून घेतल्या, ते फक्त ह्यातच हाय. चिठ्ठ्या मी फाडून टाकल्या.”

मी विचारलं, त्यांना फोन करून पुन्हा विचारता येईल का.

“इचारता येईल. पण मग प्रत्येक जण आपल्या सोयीचं सांगंल. सचिवाकडं यादी न्हाय म्हटल्यावर पाण्याला कोण कुणाचं ऐकतंय?”

एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले. मला मात्र समोर दिसत होतं की शनिवारी चारीवर लोक पप्पांकडे बघतील, आणि पप्पा माझं नाव सांगणार नाहीत.

बुधवारी सकाळी मी पेनड्राइव्ह आणि फाइलचं प्रिंट घेऊन बारामतीला गेले. पत्रिका छापणाऱ्या एका दुकानात तीन-चार मराठी फॉन्ट होते. त्यांनी सगळे लावून बघितले. प्रत्येक वेळी अक्षरं मराठी व्हायची, पण नाव व्हायचं नाही. दुकानदार म्हणाले, हा टाइपरायटरवाल्यांचा फॉन्ट दिसतोय, वरच्या गल्लीत टायपिंग क्लास आहे तिथे विचारा.

विचारा. मी क्लासच्या जिन्याखाली बराच वेळ उभी होते. वरून खटखट ऐकू येत होती. दोन मुली उतरल्या, माझ्याकडे बघून गेल्या. पप्पांनी ‘तू बघ’ म्हटलेलं आठवलं आणि मी चढले.

क्लास चालवणाऱ्या मॅडम साठीच्या असाव्यात. चष्मा साखळीला अडकवलेला. जिन्याखाली उभं राहून मी मनात वाक्य तयार केलं होतं, ते अर्ध्यात विसरले आणि नुसता कागद पुढे केला. त्यांनी तो दूर धरून बघितला. मग टेबलावर ठेवला, आणि त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर हलायला लागली. ओठही हलत होते. थोड्या वेळाने त्यांनी एक नाव वाचलं. ते आमच्या शेजारच्या बांधावरच्या आजोबांचं नाव होतं, आडनावासकट.

मी विचारलं, हे तुम्ही कसं वाचलंत.

“वाचलं नाही गं, टाइप केलं. हे बिघडलेलं नाही. मराठी मशीनवर ज्या कळा दाबल्या त्याच इथं इंग्रजीत उमटल्यात. डी म्हणजे क, के म्हणजे काना, जे म्हणजे र. कुणी टाइप केलंय हे?”

“माझ्या पप्पांनी.”

त्यांनी कागद पुन्हा उचलला. “हात चांगला आहे. फक्त उजवी करंगळी कच्ची. ‘य’ करंगळीनं मारायचा, ह्यांचं शेजारचंच बोट आपली कळ मारतं, म्हणून चार ठिकाणी ‘य’चा ‘स’ झालाय. कुठं शिकले?”

मी म्हटलं, बारामतीतच, लग्नाआधी. कोणत्या क्लासमध्ये ते मला माहीत नव्हतं.

मॅडमनी भिंतीवरचा कळांचा जुना तक्ता काढला, खालच्या दुकानातून झेरॉक्स करून आणायला लावला आणि मला समोर बसवून एकेक कळ समजावली. ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, कारण मशीनचा गाडा मागे येत नाही. रफार अक्षरानंतर. अर्ध्या अक्षरांच्या कळा वेगळ्या. मी एक विचारलं की त्या तीन सांगायच्या. तासाभरात मी जितके प्रश्न विचारले तितके कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मिळून विचारले नसतील. मुलींची पुढची बॅच येऊन उभी राहिली तरी त्यांनी मला उठवलं नाही. निघताना मी फी विचारली तर म्हणाल्या, यादी नीट निघाली का तेवढं कळव.

त्या दुपारी घरी येऊन मी प्रोग्राम लिहिला. लहानसाच, या कळेच्या जागी हे अक्षर, एवढाच. पहिल्यांदा चालवला तेव्हा नावं आली पण ऱ्हस्व वेलांट्या सगळ्या एक घर आधी. ते दुरुस्त केलं. मग रफार. स्वयंपाकघरातून आईने दोनदा चहा गार होतोय म्हणून सांगितलं. पाचच्या सुमाराला चाळीस नावं स्वच्छ मराठीत, आता कुठल्याही मशीनवर उघडतील अशी, समोर होती. मी ती सगळी मोठ्याने वाचली. इतकं मराठी मी सलग कधी वाचलं नव्हतं.

पप्पा आले. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चपला न काढता उभ्यानेच बोटाने एकेक ओळ तपासली. रविवारचे बदल जागेवर होते. त्याच चारीवर रान असलेल्या आमच्या आत्याबाईंच्या नावाशी येऊन थांबले. तिथे ‘य’च्या जागी ‘स’ होता. बाकीचे तीन सुधारून हा एकच मी त्यांना दाखवायला मुद्दाम ठेवला होता.

मी म्हटलं, “टायपिंगच्या मॅडम म्हणाल्या, तुमची उजवी करंगळी कच्ची आहे.”

पप्पांनी उजवा हात वर करून करंगळीकडे बघितलं. मग हसायला लागले. इतके की आई बाहेर आली. “व्हय. पट्टी मारायच्या ह्याच बोटावर. अजून जिवंत हायत का त्या? जिन्यानं वर, उजव्या हाताला?”

मी म्हटलं, तिथेच.

गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर सोसायटीपाशी गेले. एरवी जात नाही. स्कूटीजवळच थांबले. यादी लागल्यावर पाच-सहा जण जमले, त्यात ज्यांचं नाव मॅडमनी पहिल्यांदा वाचलं होतं ते आजोबाही होते. त्यांनी यादी वरून खालपर्यंत बघितली.

“सचिव, अक्षर बदललंय की औंदा.”

“पोरीनं काढली, तात्या.”

तात्यांनी मान वळवून मला शोधलं. “बरं हाय. लांबनं वाचता येतंय. पण माझी पाळी पहाटं तीनलाच ठिवली का गं बाय?”

सगळे हसले, पप्पाही. मी घाबरत म्हटलं, ते मी नाही ठरवलं, तात्या. ते म्हणाले, मला ठाऊक हाय, आणि निघून गेले. शनिवारी पाणी आलं आणि यादीप्रमाणे फिरलं.

लिनक्स अजून तसंच आहे. टाइपरायटरचा कळफलक त्यात बसवता येतो हे मला नंतर वाचून कळलं, तो मी पप्पांसाठी बसवला. ते स्क्रीनकडे न बघता टाइप करतात, खिडकीबाहेर बघत. ‘य’ अजून अधूनमधून चुकतो. यादी नीट निघाली हे सांगायला मी मॅडमकडे गेले तेव्हा पप्पाही आले होते. जिना चढताना ते माझ्या मागे राहिले, आणि दारात गेल्यावर, माझ्यासारखेच, आधी काय बोलावं ते त्यांना सुचेना. मग मीच बोलले.